घरची काजळाची शाई पापुद्र्याने निघतेय, काय चुकलं?

महालातली_मी
नमस्कार. आमच्या नागपुरातल्या महाल भागातल्या जुन्या घरी माळ्यावर आजोबांच्या हिशेबाच्या मोडी वह्या सापडल्या. अक्षर इतकं काळं की काल लिहिलंय असं वाटावं. ते पाहून घराण्याची वंशावळ हातकागदावर, घरच्या शाईने उतरवायचं डोक्यात घेतलं.

दिवाळीत तिळाच्या तेलाच्या दिव्यावर पितळी ताट उपडं ठेवलं. चार रात्रींत जेमतेम दोन चमचे काजळ जमलं. आईने लाडवांसाठी आणलेला डिंक भिजवला, त्यात काजळ टाकून रवीने घुसळलं. काजळ वरच तरंगत होतं, कसंबसं मिसळून फडक्यातून गाळलं. डिसेंबरात अक्षर झकास दिसत होतं. काल पान उलटलं तर 'श्री'ची वेलांटी अख्खी सुटून मांडीवर पडली! बाहेर ४५ डिग्री, त्याने झालं का? डिंक वाढवू की कमी करू?

खलबत्ता_काका
ताई, तुम्ही शाई नाही, लापशी घोटून राहिल्या होत्या. रागावू नका. मी ड्रॉइंग मास्तर होतो, पहिली शाई मीही अशीच नासवली.

आधी सांगा, डिंक कोणता? लाडवांचा बहुतेक धावड्याचा असतो. कधी दुकानदार त्यात कडईच्या झाडाचाही मिसळतो, तो तर विरघळतच नाही, नुसता फुगतो. अशा डिंकाचा थर कागदावर सालीसारखा बसतो, धाग्यांत उतरत नाही. साल वाळली की तडकणारच, उन्हाळा निमित्त. शाईला बाभळीचा पाहिजे. एक खडा वाटीभर पाण्यात रात्रभर ठेवा. सकाळी पातळ मधासारखा झाला, तळाशी फक्त साल-माती राहिली, तर बाभळीचा. इतवारीत किराणा ओळीत नाव घेऊन मागा, 'खायचा डिंक' म्हणाल तर पुन्हा तेच होईल.

दुसरं, काजळ तेलकट असते, पाण्याला धरत नाही. म्हणून पाणी शेवटी. खलात काजळ घ्या, दाट डिंकाचे दोन-चार थेंब टाका आणि खला. पीठ मळल्यासारखं घट्ट होते, हात भरून येते, तरी खला. मी रोज तासभर असं आठवडाभर करतो. बोटाच्या चिमटीत कण लागला नाही पाहिजे. मग पाणी, थेंबाथेंबाने.

प्रमाण चमच्याने मोजू नका, काजळ कापसासारखं हलकं, तिथेच फसगत होते. जुने लोक वजनाने काजळाच्या दुप्पट डिंक घेत. मी आपल्या कोरड्या हवेसाठी बरोबरीनेच घेतो. लिहून एक दिवस ठेवा. बोट घासल्यावर काळं लागलं तर डिंक कमी. अक्षर काचेसारखं चमकलं आणि कागद दुमडल्यावर तडकलं तर जास्त. कोणी मध टाका म्हणेल. तडकणं थांबते, पण जुलैत पानं एकमेकांना चिकटतात, वर मुंग्या. बुरशीसाठी लवंगाच्या तेलाचे दोन थेंब पुरे.

हिरडा_हिराकस
काका, एवढा खटाटोप कशाला? हिरडा कुटून उकळा, गाळा, हिराकस (लोखंडाचा हिरवट क्षार) टाका, झाली शाई. लिहिताना फिकी दिसते, हवा लागली की दोन दिवसांत काळी होते. आणि पाण्याने जात नाही. काजळाच्या शाईवर कूलरचं पाणी उडालं की संपलं!

खलबत्ता_काका
पाण्याचं बरोबर आहे. डिंक ओला झाला की काजळ वाहते, वह्या माळ्यावर गळतीखाली ठेवू नका. पण हिराकसाची शाई आंबट असते, कागद खाते. जाड रेघांच्या जागी कागद तपकिरी होऊन पुढे जाळीसारखी भोकं पडलेली पानं मी हातात धरलीत. अक्षर राहते, पान जाते. काजळाला ऊन विटवत नाही आणि ते कागदाच्या वाटेला जात नाही. वंशावळीला मी हिराकस लावणार नाही. पत्राला, पाकिटावर पत्ता लिहायला खुशाल वापरा. फाउंटन पेनात मात्र दोन्ही घालू नका, बोरूची लेखणीच घ्या.

बिबेवाला_भाऊ
मी म्हणतो बिबा काहून नाही? आमच्याकडे धोबी बिब्याच्या तेलात चुना लावून कपड्यावर खुणा करे. धोतर फाटलं पण खूण गेली नाही.

खलबत्ता_काका
भाऊ, वंशावळ लिहिता लिहिता बिबा उतून हाताला फोड आले तर पुढची पिढी लिहायला हात नाही राहणार.

महालातली_मी
काका, रात्री वाटीत खडा टाकला होता. सकाळी पाहिलं तर साबुदाण्यासारखा टम्म फुगलेला, वाटीत पाणी उरलंच नाही. आई म्हणते, निदान लाडू तरी करू. संध्याकाळी ऊन उतरलं की इतवारीत जाते. एकच विचारायचं राहिलं: जुनी पानं खरवडून त्याच कागदावर पुन्हा लिहिलं तर चालेल का? हातकागद महाग पडला हो.

खलबत्ता_काका
खरवडू नका, धागे उभे राहतात आणि नवी शाई फुटते. त्या पानांवर आधी खल जमला का ते बघायला पाठीमागे रेघा ओढा. चांगले कागद नंतर काढा. आणि नव्या कागदाला पिठाची पातळ खळ लावून, वाळल्यावर शंखाने किंवा गुळगुळीत कवडीने घोटून घ्या, बोरू सरकते.