मोर्सपेक्षा बायस शिका

‘परीक्षेतून मोर्स कोड उठवलं आणि हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांचा, दर्जा घसरला’ हे मत अर्धंच पटतं. मोर्समधून सुटका फक्त परवान्याच्या खालच्या, रिस्ट्रिक्टेड ग्रेडला आहे. जनरलला मिनिटाला ८ शब्दांची परीक्षा आहेच. खरी घसरण सोल्डरिंगच्या टेबलावर दिसते. नवे हॅम अशर फरहान यांचा बिटएक्स हा घरी बांधायचा ट्रान्सीव्हर बांधायला घेतात, आणि पहिल्याच दिवशी फायनलचा, म्हणजे शेवटच्या पॉवर टप्प्याचा, आयआरएफ ५१० मॉस्फेट (ट्रान्झिस्टर) उडवतात.

याचा टॅब, म्हणजे मागची धातूची पट्टी, हाच ड्रेन: मुख्य करंट जिथून जातो ती पिन. गेट ही त्या करंटला काबूत ठेवणारी पिन. हीटसिंकला लावताना मध्ये अभ्रकाचा वॉशर आणि स्क्रूला प्लॅस्टिकची बुशिंग हवीच, नाहीतर सप्लाय थेट शॉर्ट. चालू करण्याआधी प्रीसेट (बायस, म्हणजे गेटचं स्थिर व्होल्टेज, ठरवणारा छोटा फिरता रेझिस्टर) शून्याच्या टोकाला फिरवा; चालू केल्यावर पीटीटी (बोलताना दाबायचं बटण) दाबून गेटवर शून्य व्होल्ट आहे, हे मीटरने बघा. मग ड्रेनच्या वायरमध्ये अ‍ॅमीटर घालून, माइकमध्ये न बोलता पीटीटी दाबा आणि प्रीसेट अगदी हळू वाढवा. साधारण ३ व्होल्टपर्यंत काहीच होत नाही, म्हणून माणूस भराभर फिरवतो. तिथेच करंट उसळतो. १०० मिलिअँपिअरला थांबा. जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत हे सेटिंग टिकत नाही: मॉस्फेट तापला की त्याच बायसला जास्त करंट ओढतो. पाच मिनिटांनी पुन्हा मोजा, उन्हाळ्यात थोडं कमीच ठेवा.

व्हीएफओची, म्हणजे ट्यूनिंगच्या ऑसिलेटरची, फ्रिक्वेन्सी सरकते त्याचंही कारण बहुतेक उष्णताच. तिथे साधे पिवळे डिस्क सिरॅमिक कपॅसिटर नकोत, एनपीओ (तापमानाने जवळजवळ न बदलणारे) घाला.

अँटेनाला केळीच्या टेकूचा बांबू चालतो. ७.१ मेगाहर्ट्झला डायपोलची (दोन सारख्या तारांच्या अँटेनाची) प्रत्येक बाजू १०.३ मीटर कापा, मग दोन्हीकडून सारखं छाटत या.