मे महिन्यातलं लग्न: दारात मांडव की लातूरला कार्यालय?

लिंबाची_सावली:
धाकट्या बहिणीचं लग्न ठरलंय. २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळे तारीख धरलीय ती त्याच्या आधीची, ऐन उन्हातली. गाव आमचं अंबाजोगाई तालुक्यात. वडील म्हणतात लग्न दारातच. मामांनी लातूरला एसी कार्यालय बघून ठेवलंय, तिथं तीनशे माणूस मावतं.

मी वडिलांच्या बाजूनं आहे. आईच्या आजारपणात शेजारच्यांनी दोन वर्षं आमच्या म्हशींच्या धारा काढल्या. रात्री-अपरात्री गाडी जोडून दवाखान्यात नेलं. त्यांना आता "घरटी एक माणूस या" म्हणून सांगू? माझी जीभ रेटणार नाही. तुमच्याकडं काय झालं ते सांगा, विरोधातल्यांनी तर नक्की सांगा.

मांजराकाठ:
ताई, मी विरोधातच. आम्ही बहिणीचं लग्न दारात केलं, एप्रिलमध्ये, पत्र्याच्या मांडवात. मुहूर्त साडेबाराचा, नवरदेव मारुतीच्या देवळातून निघाला पाऊण वाजता आणि अक्षता पडल्या दीडला. पत्रा असा तापला की खाली बसवेना. नवरदेवाच्या आजीला भोवळ आली. आम्ही त्यांना उचलून माजघरात नेलं, आई ओलं फडकं धरून त्यांच्या उशाशी बसली. बाहेर मंगलाष्टकं चालू होती. स्वतःच्या लेकीवर अक्षता टाकायच्या तेवढ्या राहिल्या तिच्या. आजही विषय निघाला की ती उठून आत जाते.
पारा ४२ वर गेला की मानपान सुचत नाही, सावली सुचते. मामांचं ऐका.

आचाऱ्याचं_पोरगं:
दादा, वाईट झालं, पण तो पत्र्याचा आणि उशिराचा दोष. जाड कापडाचं दुहेरी छत, उंच बांधलेलं, दोन बाजू वाऱ्याला मोकळ्या, आणि गोरज मुहूर्त. दिवस मावळताना अक्षता, लगेच पंगत. रात्री १० नंतर स्पीकर लावता येत नाही, म्हणून वरातही आपोआप आटोपती राहते.
कार्यालयाचं भाडं ऐकून भुलू नका. विजेचं मीटर वेगळं, साफसफाई वेगळी, डिपॉझिट वेगळं. कुठं कुठं बाहेरचा आचारी चालत नाही, चालला तर त्याची रॉयल्टी मागतात. माझ्या बापाचं निम्मं काम त्यापायी गेलं, म्हणून पोटतिडकीनं लिहितोय. शिवाय तीनच्या आत हॉल रिकामा करा म्हणतात, मग शेवटच्या पंगतीला बुंदी वाढायलाही वेळ उरत नाही.

लातूरची_सून:
ताई, मी स्पष्ट लिहिते, कारण हे कुणी बोलत नाही. गावातल्या लग्नाला आम्ही बायका सकाळपासून पाणी पीत नाही. का, ते तुम्हाला ठाऊक आहे. भरजरी लुगडं, वर ऊन, आणि जायला जागा नाही. दोनशे बायकांच्या वऱ्हाडाला घरचा एक संडास कसा पुरेल? मागच्या वर्षी माझी गरोदर जाऊ क्रूझरमध्ये बसून रडत होती. त्या दिवसापासून मी कार्यालयाच्या बाजूची झाले.
पाण्याचं म्हणाल तर शहरातही सुख नाही. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, त्याच उन्हाळ्यात आमच्या नणंदेचं लग्न होतं. कार्यालयवाल्यानं आठ दिवस आधी सांगितलं, टँकर तुमचा तुम्ही आणा. म्हणून कुठंही करा, पण आधी विचारा की मेमध्ये बोअर किती वेळ चालतं.

पारावरचा:
एक राहिलं, अवकाळी. गोरज मुहूर्ताला वळवाचा वारा सुटतो तो नेमका संध्याकाळीच. आमच्याकडं मांडव खांबांसकट उडाला, नवरी-नवरदेवाला गोठ्यात उभं केलं. दुपारी उन्हाचं भ्या, संध्याकाळी वाऱ्याचं. मे असेल तर डोक्यावर स्लॅबच पाहिजे. दारातल्या लग्नाची हौस दिवाळीनंतर, तुळशीचं लग्न झालं की करावी.

लिंबाची_सावली:
सगळ्यांचं वडिलांना वाचून दाखवलं. लातूरच्या ताईंचं ऐकून ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "हे मला कुणी सांगितलंच नव्हतं." आमचं बोअर मेमध्ये अर्धा तास ओढतं, तेही गढूळ.
सकाळी आम्ही दोघं जिल्हा परिषदेच्या शाळेत जाऊन आलो. मेमध्ये सुट्ट्या असतात. चार वर्ग स्लॅबचे, लांब व्हरांडा, मुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं, पण टाकी फुटकी. ती बसवून द्यायची आमची तयारी आहे. परवानगीचं मुख्याध्यापक आणि सरपंचांशी बोलायचंय. मामांना मात्र पटलेलं नाही. त्यांचं म्हणणं, मुलाकडचे पुण्याहून येणार, त्यांना शाळेत उतरवलं तर पोरीला जन्मभर ऐकावं लागेल.

मांजराकाठ:
ताई, मामांच्या भीतीला हलकं धरू नका, खरंच ऐकावं लागतं. जानवसा अंबाजोगाईत लॉजवर ठेवा, तिथून प्रासंगिक कराराची एसटी करा. आणि आजी-आजोबांसाठी एक वर्ग सकाळपासून कूलर लावून राखून ठेवा. त्याची खिडकी मांडवाकडं उघडणारी असावी, आतून अक्षता टाकता येतील अशी.

लिंबाची_सावली:
दादा, खिडकी आहे तशी. चौथीच्या वर्गाची.