टेक्सासचा आंधळा साप आणि घुबडाची पिल्लं
घुबडाने आंधळा साप नेला म्हणजे तो संपलाच असं वाटतं, पण टेक्सासमधे उलटंच होतं ना! वीतभर लांबीचा, गांडुळासारखा दिसणारा हा साप तिकडच्या गवताळ भागात मातीत राहतो आणि मुंग्या-वाळवीची अंडी, अळ्या खातो. मुंग्या चावायला आल्या की वेटोळं करून अंगाला स्वतःचाच घाणेरडा स्राव फासतो, मग त्या लांब राहतात. तर स्क्रीच आउल नावाचं छोटं घुबड त्याला पिल्लांसाठी जिवंतच आणतं, काही निसटून घरट्यातल्या कचऱ्यात घुसतात आणि तिथल्या अळ्या खात बसतात. १९८७च्या अभ्यासात अशा घरट्यांतली पिल्लं जास्त भराभर वाढलेली दिसली. फुकटचा सफाई कामगारच म्हणा की :)