मदत हवी आहे: आकाशात दिसलेल्या उजेडाची नोंद घेण्यासाठी मराठी प्रश्नावली

नमस्कार मंडळी,

माझी आत्या वर्धा जिल्ह्यात राहते, वय ६८. गेल्या पौषात आतोबांसोबत तुरीच्या जागलीवर असताना तिला बांधापलीकडे तांबूस उजेड दिसला. बराच वेळ एका जागी होता, मग सरकला आणि विझला. गावात सांगितलं तर लोक हसले. चुलतभावाने एका कचेरीत विचारलं, तर मान वर न करताच उत्तर मिळालं, "ड्रोन असेल." असेलही. पण किती वाजता, कुठल्या दिशेला, आवाज होता का, यातलं काहीच न विचारता ठरवलं कसं? आत्याने तेव्हापासून विषयच बंद केलाय, आणि मला तेच लागलंय.

म्हणून जिथे अशा गोष्टींची सरकारी चौकशी झाली, तिथे नेमकं काय विचारत होते ते शोधायला बसले. अमेरिकी हवाई दलाचा 'प्रोजेक्ट ब्लू बुक' १९५२ ते १९६९ चालला. १२,६१८ नोंदी, त्यातल्या ७०१ चा उलगडा झाला नाही. सगळे त्या ७०१ बद्दलच बोलतात. मला मात्र त्यांचा फॉर्म जास्त मोलाचा वाटला. प्रकल्पाचे पहिले प्रमुख एडवर्ड रुपेल्ट यांनी प्रश्नावली नीट बांधून घेतली होती. वस्तू कशाच्या मागे गेली का, कशाच्या पुढून गेली का? (यावरून अंतराचा अंदाज येतो.) काचेतून पाहिलं का, चष्मा होता का? चित्र काढा. आणि आकारासाठी: हात लांब करून धरलेल्या कुठल्या वस्तूएवढी दिसली? टाचणीचं डोकं, वाटाणा, नाणी, अशी चढती यादी.

घाईने उत्तर दिलं की काय होतं, तेही तिथेच दिसतं. मार्च १९६६ मध्ये मिशिगनमधल्या लोकांनी दिवे पाहिले. ब्लू बुकचे सल्लागार, खगोलशास्त्रज्ञ ॲलन हायनेक यांनी त्यातल्या काही घटनांना दलदलीतला वायू हे कारण दिलं. लोक इतके भडकले की तिथले खासदार जेराल्ड फोर्ड यांनी संसदेत चौकशीची मागणी केली.

उलट नोंद चांगली असली की उत्तर सापडतं. ऑगस्ट २०१२ ते फेब्रुवारी २०१३ या काळात लडाख सीमेवर आपल्या जवानांनी अनोळखी उजेडाच्या ३२९ नोंदी केल्या, चिनी टेहळणीचा संशय होता. बंगळूरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेने तपास केला, तर निघाले शुक्र आणि गुरू. आपल्याकडचंच घ्या. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ, विदर्भभर लोकांनी आकाशातून जळत जाणाऱ्या रेघा पाहिल्या. मीही गच्चीवरून पाहिल्या, अंगावर काटा आला होता. सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत सुमारे ३ मीटर व्यासाचं धातूचं कडं पडलं, आणि ते चिनी रॉकेटच्या टप्प्याचे अवशेष असल्याचं अभ्यासकांनी ओळखलं.

फ्रान्सच्या अंतराळ संस्थेत १९७७ पासून यासाठी कायमचा विभाग आहे. तिथे नोंदींचे वर्ग पाडतात, त्यातला 'क' (C) वर्ग म्हणजे माहितीच अपुरी. आत्याचं पाहणं माहितीअभावी तिथे जाऊन पडू नये, एवढंच मला हवंय.

तर मदत अशी हवी आहे:

दिशा आणि उंची कशी विचारावी? अंश कुणाला कळणार? आत्या म्हणते, "कासराभर वर होतं." कासरा म्हणजे बैलाची दोरी, पण आकाशात तो साधारण किती हे कुणी मोजलंय का? वेळेसाठी दिवेलागण, निजानीज, पहिला कोंबडा हे शब्द चालतील, पण त्यांना ताऱ्यांची जोड द्यायची आहे. तिकांडं (मृगातले ओळीतले तीन तारे) डोक्यावर होतं की मावळतीला, असं विचारलं तर घड्याळाशिवाय वेळ काढता येईल ना? तुमच्या भागात ताऱ्यांना वेगळी नावं असतील तर तीही लिहा. आकारासाठी मी धरलेली यादी: मोहरी, तूर, हरभरा, रुपया, लिंबू, भाकरी.

आणि भारतात अशी नोंद स्वीकारणारी एखादी ठरलेली जागा कुणाला ठाऊक असेल तर जरूर सांगा.

वाढीव (रविवार): आकाराचा प्रश्न आधी चंद्रावर तपासून बघा, असं इथे एकांनी सुचवलं. काल पौर्णिमेला अंगणात आत्याला विचारलं, चंद्र केवढा? म्हणाली, भाकरीएवढा. मग तिच्या हातात हरभऱ्याचा दाणा दिला आणि हात लांब करून एक डोळा मिटायला सांगितलं. चंद्र पूर्ण झाकला गेला. तिने तीनदा करून पाहिलं, आतोबांनाही करायला लावलं. मग आपणहूनच म्हणाली, "त्या रातचा उजेड तुरीएवढाच होता मग." इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच तिने विषय काढला. आता दाणा हातात देऊनच विचारायचं, तोंडी नाही, हे प्रश्नावलीत टाकलंय.

कासऱ्याचं मात्र अजून अडलंय. कुणी शेतात उभं राहून मूठ किंवा वीत लावून मोजू शकेल का?