‘संरक्षण’, ‘जतन’ आणि ‘अभय’: युद्धकाळातील कलाठेव्याविषयी लिहिताना

प्रश्न: युद्धाच्या काळात राष्ट्राचा कलाठेवा कसा वाचवला जातो, याविषयीच्या लेखनात ‘जतन’, ‘रक्षण’ आणि ‘संरक्षण’ हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी योजले जातात. त्यांत अर्थभेद मानावा काय? संग्रहालयातील चित्रे अन्यत्र नेली, तर त्यास ‘स्थलांतर’ म्हणणे योग्य ठरेल काय?

उत्तर: अर्थभेद मानावाच. ‘जतन’ या शब्दात झुंज काळाशी असते. दमट हवा, कसर आणि विटणारे रंग हे तिथले शत्रू. ‘रक्षण’ म्हटले की समोर हल्ला करणारा कोणीतरी गृहीत असतो. ‘संरक्षण’ त्याहून व्यापक आहे आणि युद्धकाळात सांस्कृतिक ठेवा वाचवण्यासाठी राष्ट्रांनी केलेल्या १९५४च्या हेग करारात त्याचे दोन भाग स्पष्ट सांगितले आहेत. पहिला भाग म्हणजे शांततेच्या काळातच करून ठेवायची तजवीज. दुसऱ्या भागासाठी असलेल्या ‘रिस्पेक्ट’ या मूळ शब्दाचे ‘आदर’ असे भाषांतर सहज सुचते, पण मराठीत आदर मनात असतो, आणि करारास अभिप्रेत आहे ते वर्तन: वास्तूचा लष्करासाठी वापर न करणे, तिच्यावर मारा न करणे, लुटीस आळा घालणे. ज्याच्या हाती शस्त्र आहे त्याने ते न चालवण्याचे दिलेले वचन, या अर्थाने आपला जुना ‘अभय’ हा शब्द मला येथे अधिक नेमका वाटतो. लष्करी निकडीचा अपवाद करारातच असल्यामुळे हे अभय सशर्त आहे, एवढे मात्र ध्यानात ठेवावे.

‘स्थलांतर’ माणसे आणि पक्षी करतात. वस्तू हलवाव्या लागतात, आणि ‘हलवणे’ या साध्या क्रियापदातच त्या कामाचे कष्ट दिसतात. सप्टेंबर १९३९मध्ये पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातील ‘सामोथ्रेसची विजयदेवता’ हा पंख असलेला, मस्तक नसलेला ग्रीक संगमरवरी पुतळा जिन्यावर उभारलेल्या लाकडी उतरणीवरून, दोरखंडांनी आवरत, हळूहळू खाली आणला गेला. ‘मोनालिसा’ त्याआधीच शांबोरच्या गढीकडे रवाना झाली होती. जे हलवताच येत नाही, त्याच्याबाबतीत मात्र ‘जागच्या जागी राखणे’ असे म्हणावे. मिलान येथील लिओनार्दोचे ‘अंतिम भोजन’ हे चित्र भिंतीवरच रंगवलेले आहे. ऑगस्ट १९४३च्या बॉम्बहल्ल्यात त्या भोजनगृहाचे छत आणि एक बाजू कोसळली. वाळूच्या पोत्यांचा आधार दिलेली चित्राची भिंत उभी राहिली.

मला खरी धास्ती वाटते ती ‘संरक्षण’ या शब्दाच्या दुसऱ्या वापराची, कारण लुटणाराही हाच शब्द वापरतो. इटलीतील टस्कनी प्रांताच्या ग्रामीण वाड्यांत सुरक्षित ठेवलेली फ्लॉरेन्सची चित्रे १९४४मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने उत्तरेकडे नेली, तीही संरक्षणाच्याच नावाखाली. फ्रान्समध्ये ज्यू कुटुंबांच्या कलासंग्रहांवर नाझींनी घातलेल्या हातास ‘जप्ती’ म्हणू नये, असे माझे मत आहे; जप्तीला कायद्याचे पाठबळ असल्याचा वास येतो. ती लूट होती, आणि लुटीचा माल जिथे गोळा केला जाई त्या पॅरिसच्या जू द पोम या संग्रहालयात तेथील फ्रेंच कर्मचारी रोझ व्हालाँ यांनी जर्मन अधिकाऱ्यांच्या डोळ्यांदेखत गुपचूप ठेवलेली टिपणे ही त्या लुटीचीच नोंद होय.

पुरवणी प्रश्न: मग परत आलेल्या कलाकृतींसाठी ‘परतावा’ चालेल काय?

उत्तर: चालू नये, परतावा गुंतवणुकीवर मिळतो. ‘प्रत्यार्पण’ हा शब्द वृत्तपत्रांनी फरार आरोपींशी असा जखडून टाकला आहे की चित्राविषयी तो विचित्र वाटतो. ‘परत करणे’ आणि ‘परत मिळवणे’ यांतून निवड करताना कर्ता कोण, हे पाहावे. युद्धानंतर जर्मनीतून सुमारे ६१ हजार कलावस्तू फ्रान्समध्ये परत आणल्या गेल्या, त्यांपैकी सुमारे ४५ हजार मूळ मालकांना किंवा त्यांच्या वारसांना परत केल्या गेल्या, आणि उरलेल्यांपैकी दोन हजारांहून अधिक राष्ट्रीय संग्रहालयांच्या स्वाधीन करण्यात आल्या. या शेवटच्या वस्तूंना ‘राष्ट्रीय ठेवा’ म्हणणे चुकीचे होईल. ठेवा आपला असतो, ठेव दुसऱ्याची असते. वारसदार पुढे येईपर्यंत त्या संग्रहालयाकडे अनामत आहेत, असेच लिहावे.