मुरबाडला एक एकर: ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर प्लॉट पाडता येतात का?

प्रश्न: मुरबाड तालुक्यात एक एकर शेतजमीन आहे, सातबारा वर्ग १ (मालकाला विकायची मोकळीक असलेली). ग्रामपंचायतीची ना-हरकत घेऊन गुंठ्यागुंठ्याने विकता येईल, असं एजंट म्हणतो. खरं आहे का?

उत्तर १: नाही. रेखांकन (प्लॉट पाडायचा नकाशा) मंजूर करायचा अधिकार ग्रामपंचायतीला नाही. नगररचना विभाग छाननी करतो आणि परवानगी जिल्हाधिकारी कार्यालय देतं. भिवंडीलगतच्या अधिसूचित गावांत मात्र हे काम एमएमआरडीए (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) करतं. आधी झोन दाखला (जमीन शेती, निवासी की कुठल्या वापरासाठी राखली आहे ते सांगणारा) काढा. शेती झोन निघाला तर निवासी प्लॉटिंगचा विषय बहुधा तिथेच संपतो. तुकडेबंदी कायद्यात प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे ज्याहून लहान तुकडा पाडता येत नाही ते, जिरायतीला २० गुंठे, बागायतीला १० गुंठे. त्यामुळे एकेक गुंठ्याचं खरेदीखत अडकतं.

उत्तर २: झोन निवासी असला तरी हिशेब करून बघा. एकर म्हणजे ४,०४७ चौ.मी., म्हणजे मोकळी जागा सक्तीची होते ती ४,००० चौ.मी.ची मर्यादा जेमतेम ओलांडली. म्हणून १० टक्के, सुमारे ४०५ चौ.मी. मोकळी जागा सोडावीच लागेल. आत १०० मीटर लांबीचा ९ मीटर रुंद रस्ता धरला तर आणखी ९०० चौ.मी. गेले. विकायला उरले सुमारे २,७४२ चौ.मी., म्हणजे २७ गुंठे. चाळीस प्लॉट सांगणाऱ्याला नकाशावर काढून दाखवायला सांगा!

उत्तर ३: मोजणी आधी करून घ्या. सातबाऱ्याचं क्षेत्र आणि प्रत्यक्ष वहिवाट जुळत नसेल तर फाईल परत येते. पोहोचरस्ता कागदावर हवा. शेजाऱ्याच्या बांधावरून तोंडी वाट चालत नाही. अंतिम मंजुरीनंतर कमी-जास्त पत्रक (प्लॉटनिहाय क्षेत्राची भूमी अभिलेखातली नोंद) होऊन सातबारे वेगळे होतात. आणि ५०० चौ.मी.वरचं प्लॉटिंग असेल तर महारेरा (राज्याचं स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरण) नोंदणीआधी जाहिरातही करू नका.