परदेशी सहकाऱ्यांना त्यांच्या भाषेत ‘बेस्ट लक’ कसं म्हणू?

खडूडबी: आमच्या टीममधल्या पाच जणांची पुढच्या आठवड्यात एक व्यावसायिक परीक्षा आहे. एक इटालियन, एक रशियन, एक जर्मन, एक इस्रायली, आणि एक जपानी बाई, त्या माझ्या वरिष्ठ. व्हिडिओ कॉलवर प्रत्येकाला आपापल्या भाषेत शुभेच्छा द्यायचं मनात आहे. अ‍ॅपमधलं पुस्तकी भाषांतर नको, त्यांच्या घरात काय म्हणतात ते सांगा. इस्रायलीसाठी ‘मझल तोव’ ठरलंय, तेवढं तरी बरोबर ना?

पाणवठा: तेच आधी खोडा! अर्थ ‘चांगलं नशीब’ असला तरी ते निकालानंतर म्हणायचं, अभिनंदन म्हणून. परीक्षेआधी ‘बेहात्सलाखा’. हात्सलाखा म्हणजे यश.

लांडगा_आला_रे: माझ्या आयडीला जागून इटालियन मी घेतो. ‘इन बोक्का अल लूपो’, म्हणजे ‘लांडग्याच्या तोंडात’. समोरचा म्हणणार ‘क्रेपी!’, मरो मेला. हल्ली लांडग्याची दया येणारे ‘विवा इल लूपो’ म्हणतात. आभार मात्र मानायचे नसतात, ते अपशकुनी. मी इटालियन शिकत होतो तेव्हा तोंडी परीक्षेच्या दारात बाई मला हे म्हणाल्या, आणि मी आपला हसून ‘ग्रात्सिए’. त्यांनी दाराची मूठ धरूनच ठेवली. म्हणाल्या, आधी क्रेपी म्हण, मग आत जा.

काजळरेघ: रशियनही त्याच वळणाचं. ‘नी पूखा नी पिरा’, ना लव ना पीस. मूळ शिकाऱ्यांचं. शिकार मिळो म्हटलं तर दृष्ट लागेल, म्हणून उलटं बोलायचं. उत्तर ठरलेलं: ‘क् चोर्तू!’, जा सैतानाकडे. शिक्षकांनी शुभेच्छा दिल्या तरी विद्यार्थी बिनदिक्कत हेच म्हणतात. तेव्हा तुमचा रशियन तुम्हाला सैतानाकडे धाडेल, राग मानू नका.

खडूडबी: बरं झालं सांगितलंत, नाहीतर मी दुखावले असते. जर्मन?

पाणवठा: ‘हाल्स उंड बाइनब्रुख’. मान मोडो, पाय मोडो. यिडिश या युरोपातल्या ज्यूंच्या भाषेतल्या ‘हात्सलोखे उन ब्रोखे’चं (यश आणि आशीर्वाद) जर्मन कानांनी हे केलं, असं एक प्रचलित मत आहे. म्हणजे तुमच्या इस्रायलीचीच हात्सलाखा!

काजळरेघ: परीक्षेला मान कशाला मोडता? साधं ‘फील एरफोल्ग’ म्हणा, भरपूर यश. त्याहून गोड म्हणजे ‘इख द्र्युके दीर दी डाउमेन’, तुझ्यासाठी अंगठे दाबून धरते. अंगठा चार बोटांच्या आत घालून मूठ आवळायची. कॅमेऱ्यासमोर धरलीत तर उच्चार चुकला तरी कळेल.

पाणवठा: हे जास्त चांगलं. माझं मागे.

शाईचा_डाग: जपानीत सगळे ‘गांबात्ते’ सुचवतील, ऐकू नका. त्यात नशीब कुठेच नाही, ‘नेट लाव’ असा अर्थ. मित्राला ठीक, वरिष्ठांना म्हणजे धाकट्याने थोरल्याला अभ्यासाला बसवल्यासारखं. ‘गो-सेइको ओ ओइनोरी शिते ओरिमास’ म्हणा. आपल्या यशासाठी प्रार्थना करते, असं अदबीचं. लांबलचक आहे, कागदावर लिहून समोर ठेवा. चिनी ‘जियायोऊ’सुद्धा जोर लावायलाच सांगतं, शब्दशः ‘तेल घाल’. त्याचं इंग्रजी रूप २०१८ साली ऑक्सफर्ड कोशातही गेलं.

लांडगा_आला_रे: टीममध्ये फ्रेंच रंगकर्मी नाही हे नशीब. ते रंगमंचावर जाणाऱ्याला ‘मेर्द’ म्हणतात. अर्थ इथे लिहिला तर माझा प्रतिसाद उडेल.

खडूडबी: 😄 सगळ्यांचे आभार (इथे चालतात ना?). जपानी वाक्य कागदावर उतरवलं. जर्मन मुठीची कॅमेऱ्यासमोर तालीम केली. अंगठा सारखा बाहेर येतोय, आणि बाहेर आला की मी गुद्दा उगारल्यासारखी दिसते.